नवरदेवाचा श्वास

रिसोडच्या आसपास लग्नाच्या घोडीसोबत चालणारी बाई मी एकटीच असेन. आधी बाबा चालायचे. त्यांचे गुडघे गेले आणि लगाम माझ्या हातात आला. पहिल्या दोन-चार लग्नांत लोकांना नवल वाटलं. मग घोडी पांढरी आहे आणि वेळेवर येते, एवढ्यावर त्यांचं समाधान झालं.

घोडी सांभाळणं अवघड नाही. अवघड असतो तो नवरदेव. आयुष्यात पहिल्यांदाच घोडीवर बसतो, तेही घट्ट शेरवानीत, डोळ्यांवर मुंडावळ्या आणि सारं गाव बघत असताना. वर बसला की तो श्वास ओढतो आणि धरून ठेवतो, तो मांडवापर्यंत. घोडीला हे लगेच कळतं. वरच्याच्या मांड्या आवळल्या की तिचे कान मागे जातात. मग ती जागेवर थांबते, नाहीतर नको तेवढ्या जोरात चालायला लागते.

सुरुवातीला मी म्हणायची, "भाऊ, श्वास घ्या." हे सांगणंच चुकीचं होतं. आधीच भरलेला माणूस आणखी भरून घ्यायचा. पतपेढीतल्या एका नवरदेवानं इतका घेतला, की शेरवानीचं वरचं बटण उडून बँडवाल्याच्या ताशावर पडलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, घ्यायला सांगायचं नाही, सोडायला लावायचं. बोलणाऱ्याचा श्वास आपोआप सुटतो. म्हणून मी नवरदेवांना बोलतं ठेवायला लागले. एका मास्तरांकडून पाढे म्हणवून घेतले. एकोणिसाचा पाढा मांडवाच्या दारात संपला आणि ते हसतच खाली उतरले.

मग हा लाईनमन आला.

लग्नाला आठ दिवस होते. सकाळी मोटारसायकल घराच्या मागे लावून तो मागच्याच दारानं आत आला.

"ताई, मले शिकून घ्यायचं हाय. पन कोनाले सांगू नका."

"काय शिकायचं?"

"घोडीवर बसनं. सासरवाडी रिठदची हाय. तिथं वरात निघनार, अन् मले घोडीचं लय भेव वाटते."

बाबा ओट्यावर चहा पीत होते. ते म्हणाले, "तुमी तर खांबावर चढता. तिथं भेव नाई वाटत?"

"खांब चालत नाई, बाबा."

बाबांनी मान डोलावून चहा संपवला.

आमच्या घरामागं सोयाबीन निघालेलं रिकामं वावर होतं. तिथं मी घोडी उभी केली. हा हेल्मेट न काढताच जवळ आला. खांद्यावर खांबावर चढायचा पट्टा होता.

"हा कुठं अडकवू?"

"घोडीले बांधला अन् ते पडली, तर तुमी बी पडसान."

त्यानं विचार करून पट्टा बांधावर ठेवला. हेल्मेट मात्र शेवटपर्यंत काढलं नाही.

पहिले दोन दिवस काहीच जमलं नाही. तो वर बसायचा, गाल फुगवायचा आणि घोडी जमिनीत रोवल्यासारखी उभी राहायची. पाढे म्हणा म्हटलं तर त्याला बारापुढं येत नव्हते. गाणं म्हणा म्हटलं तर लाजला. भजन सांगा म्हटलं तर म्हणाला, "आमच्या घरी माय म्हनते."

तिसऱ्या दिवशी तो वर असताना त्याच्या खिशातला फोन वाजला. सवयीनं त्यानं उचलला. हेल्मेटची काच वर करून बोलायला लागला, "हो, काम चालू हाय. अर्ध्या घंट्यात येते लाईट. नाई, तुमच्याकडचीच नाई, साऱ्याच गावाची गेली."

त्याचे खांदे खाली आले. घोडीनं मान खाली सोडली, नाकपुड्या फुरफुरवल्या आणि ती चालू लागली. तो बोलत होता तोवर वावराला दोन चकरा झाल्या. फोन ठेवल्यावर आपण कुठं आहोत हे त्याच्या ध्यानात आलं, आणि घोडी थांबली.

"काहून थांबली ही?"

"तुमी थांबले म्हनून."

त्या दिवसापासून मी लगाम धरून चालता चालता विचारायची, "साहेब, लाईट कवा येते?"

"अर्ध्या घंट्यात."

"काल बी अर्धाच घंटा म्हनले होते."

"फॉल्ट सापडून नाई राह्यला."

मला प्रश्नांची कमी पडली नाही. वर्षानुवर्षं साठलेले होते.

लग्नाच्या दिवशी रिठदला वऱ्हाड शाळेत उतरलं होतं. तिथून मारुतीच्या देवळात आणि देवळातून मांडवात, एवढीच वरात. हेल्मेटच्या जागी फेटा आला होता. देवळापर्यंत सगळं नीट झालं. देवळासमोर कोणीतरी फटाक्यांची लड लावली. घोडीला फटाक्यांची सवय आहे, याला नव्हती. त्यानं खोगीर दोन्ही हातांनी धरलं, डोळे मिटले आणि श्वास बंद केला. घोडी रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.

नाचणाऱ्यांना वाटलं, आपल्यासाठीच थांबवली. ते आणखी जोरात नाचायला लागले. बरीच गाणी झाली. मुहूर्ताची वेळ आली तसे नवरदेवाचे मामा काठी घेऊन पुढं आले.

"मामा, घोडीले मारू नका," मी म्हणाले. "तिची चूक नाई."

मग मी नवरदेवाच्या गुडघ्याजवळ गेले आणि मोठ्यानं विचारलं, "साहेब, आमच्याकडची लाईट कवा येते?"

मामा माझ्याकडे बघतच राहिले. वरून बारीक आवाज आला, "काम चालू हाय."

"किती वेळ?"

"अर्धा घंटा."

घोडी फुरफुरली आणि तिनं एक पाऊल टाकलं. तेवढ्यात वरातीतले एक म्हातारे पाटील घोडीच्या बाजूला आले. त्यांना हे खरंच वाटलं. "साहेब, माह्या वावरातला ट्रान्सफॉर्मर जळून आठ दिस झाले. हरभऱ्याले पानी कसं देऊ?"

नवरदेवानं डोळे उघडले. "अर्ज दिला का?"

"दोनदा देला."

"मंग उद्या फोन करा. नाई, उद्या सुट्टीवर हाय मी. सोमवारी करा."

हे ऐकून आणखी दोघं आले. एकाची तार लोंबत होती, दुसऱ्याचा खांब वाकला होता. मांडवाच्या दारात पोचलो तेव्हा घोडीच्या दोन्ही बाजूंनी पाच-सहा शेतकरी चालत होते आणि नवरदेव वरून एकेकाला समजावत होता. खोगीर सोडून त्याचा एक हात हवेत फिरत होता. आरती घेऊन उभ्या असलेल्या सासूबाईंना वाटलं, जावई फार मोठा साहेब आहे.

अक्षता पडल्या, जेवणं झाली. पाठवणीच्या आधी नवरी माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "मले बी बसू देता का?"

तिची मावशी म्हणाली, "नवरी कुठं बसत असते का घोडीवर?"

"बसू द्या," नवरदेव म्हणाला.

ती शालू सावरून बसली ती बोलतच. कान किती मऊ आहेत, ही काय खाते, हिला ऊन लागत नाही का, सगळं एका दमात. तिला श्वासाचं काही सांगावं लागलं नाही. नवरदेवानं माझ्या हातातून लगाम घेतला. जमिनीवर तो मोठा ऐटीत चालत होता. मी मागून रिकाम्या हातांनी चालले. पाठवणीच्या मोटारीपाशी पोचल्यावर ती म्हणाली, "आनखी एक चक्कर."

आता रविवारी सकाळी ती आमच्या वावरात शिकायला येते. परवा तिनं घोडी पळवली. तो बांधावर बसून असतो, बाबांसोबत चहा पीत. मी त्याला घोडीवर बसायचा आग्रह केला, तर म्हणाला, "माहं झालं शिकून."