हातातला हंडा

नगरपालिकेवर हंडा मोर्चा आला होता. समोरच्या झाडाखाली मी बघत उभा होतो. "बाबा, जरा धरा हो," म्हणत एका बाईने आपला रिकामा हंडा माझ्या हातात दिला आणि ती सुटलेला अंबाडा बांधू लागली. हंड्यावर 'शालन' असं नाव कोरलेलं होतं.

याच इमारतीत, पाणी खात्यात, निवृत्तीपर्यंत माझी सगळी नोकरी झाली. मोर्चा आला की आम्ही खिडक्या लावून घ्यायचो. बंद खिडकीतून हंड्यांचा नुसता गोंगाट ऐकू यायचा. इथं उन्हात मात्र प्रत्येक हंडा वेगळा वाजत होता. तांब्याचा खोल, स्टीलचा कोरडा. खिडकी लावली की माणसांचाही असाच एक गोंगाट होत असावा.

"नुसता धरून काय उभे? वाजवा की," शालन म्हणाली.

"टाकी भरत नाही, असं तुम्हाला सांगायचो तो मीच," मी म्हणालो. "टाकी रोज भरायची. पाणी आधी वरच्या बंगल्यांना सोडायचो."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "आम्हाला ठाऊकच होतं, बाबा. पण आतलं कुणी बोलत नव्हतं. साहेबांपुढे म्हणाल हे?"

"म्हणेन."

"मग चला. आणि हंडा राहू द्या हातात, नाहीतर शिपाई तुम्हाला त्यांच्यातला समजून खुर्ची देईल."

कितीतरी वर्षांनी मी मोकळा हसलो. मग बोटातल्या अंगठीने हंडा वाजवत तिच्यामागून फाटकातून आत गेलो.