बिनशिक्क्याची मीटरपट्टी

माझ्या फजितीच्या गोष्टी बेंगळुरातल्या चिकपेटेत सगळ्यांना पाठ आहेत. स्वतःच्या लग्नात मी शेजारच्या मांडवात जाऊन बसलो होतो — मीच सांगितलं. दुकानातल्या साडी नेसवलेल्या लाकडी बाईला 'या अक्का, बसा' म्हणालो — तेही मीच सांगितलं, आणि लोक हसले तेव्हा सगळ्यांत जास्त मी हसलो. ही एक गोष्ट मात्र कुणाला सांगितली नाही. बायकोला नाही. देवासमोर उभा राहिलो तरी त्याच्याशी पावसापाण्याचंच बोलून परत यायचो. आता सांगतोय. मला लिहिता येत नाही, म्हणून धाकटी लेक लिहून घेतेय — तिलाही हे आत्ताच कळतंय.

मला लिहिता येत नाही, हे तरी कुणाला ठाऊक होतं? सकाळी दुकान उघडलं की मी पेपर उलटा धरून मोठ्यानं बातम्या वाचायचो. सगळ्या मनच्या. मंत्र्याची म्हैस हरवली, आमच्या मालकांना राजवाड्यातून जेवायला बोलावलं. लोक पोट धरून हसायचे. पेपर मुद्दाम उलटा धरलाय असं वाटायचं त्यांना. सुलटा कुठला हे मला कळत नव्हतं, हो. गंमत नव्हती ती.

तर दुकान कापडाचं. मालक आमच्यातलेच — चार-पाच पिढ्या बेंगळुरात काढलेले मराठी. मी ठाणं उलगडून दाखवायचो, गिऱ्हाईक हसवायचो. कापड मोजायचे मानाजीअण्णा. तीस वर्षं तेच मोजत होते. गज लावायचे, अंगठ्यानं खूण धरायचे, आणि कात्री लावायच्या आधी चार बोटं पुढं सरकायचे. मापावर वरचं थोडं द्यायचं — इथं त्याला कोसरू म्हणतात. दुसऱ्या दुकानात कोसरू मागून, भांडून घ्यावं लागायचं. अण्णा न मागता द्यायचे. बायका लांबच्या बनशंकरीहून चालत यायच्या, म्हणायच्या, त्या म्हाताऱ्यांच्याच हातानं मोजून द्या.

मग कायदा आला. गज बंद, मीटर सुरू. जुने गज जमा करायचे, नवी पट्टी घ्यायची, आणि तिच्यावर माप खात्याचा शिक्का मारून आणायचा. शिक्का नसेल तर पट्टी जप्त, वर खटला. सगळी पेठ घाबरून गेली होती. कोण म्हणे दुकानाला टाळं लावतात, कोण म्हणे बेड्या घालतात. अण्णा तेवढे चिडलेले. नवी लाकडी पट्टी आली, पितळी टोकांची, तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाले, ही एक दिवस मोडून चुलीत घालीन.

पट्टी शिक्क्याला न्यायचं काम मालकांनी मला दिलं. तू बोलघेवडा, रांगेत भांडण होणार नाही, म्हणाले. माप खात्याचं ऑफिस तेव्हा मल्लेश्वरमच्या बाजूला होतं. पट्टी खांद्यावर टाकून गेलो, रांगेत उभा राहिलो. पुढच्यांना हसवत होतो. आणि मग दिसलं — खिडकीपाशी प्रत्येकाला कागद देत होते. दुकानाचं नाव लिहा, पट्टीची लांबी लिहा, खाली सही.

मागं आमच्याच पेठेतला एक गुमास्ता उभा होता. त्याला म्हटलं असतं, भरून दे बाबा, तर भरला असता. पण मग चिकपेटेत कळलं असतं ना — पेपर उलटा का धरतो ते. पुढं तीन माणसं राहिली. दोन राहिली. मी त्या गुमास्त्याला म्हणालो, स्वल्प, जरा येतो रे, चहा घेऊन. आणि निघालो. परत गेलोच नाही.

दुपारभर मल्लेश्वरमच्या रस्त्यांवर पट्टी घेऊन हिंडलो. संध्याकाळी मालकांनी विचारलं, झालं? झालं, म्हणालो. चिठ्ठी? पोस्टानं येणार म्हणाले. सरी, बरं, म्हणाले मालक, आणि पट्टी अण्णांच्या हातात दिली. एवढंच. शिक्का केवढासा असतो — टोक उलटं करून कोण बघतंय?

उद्या जाऊ, म्हणत होतो. खरंच म्हणत होतो. रोज. पण खाकी कपड्यातला कुणीही गल्लीत शिरला की माझ्या हातातलं ठाणं सुटायचं. पोस्टमन आला तरी घाम. एकदा तर बँडवाला होता. मी माडीवर जाऊन लपलो. लोक हसले. मी पण हसलो. अण्णा हसले नाहीत, माझ्याकडं बघत राहिले — का, ते तेव्हा कळलं नाही.

माप खात्याचा साहेब आला तो साध्या कपड्यात. अण्णा परकराचं कापड मोजत होते, दुकान बायकांनी भरलेलं. त्यानं पट्टी मागितली, स्वतःच्या पट्टीला लावून बघितली. केसाचा फरक नाही. मग टोकं उजेडात धरली. एक टोक, मग दुसरं. शिक्का कुठंय, म्हणाला. मालक म्हणाले, मारून आणलाय की, यानंच आणलाय. आणि माझ्याकडं बोट केलं.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी तोंड उघडलं. खरं सांगणार होतो का? बऱ्याच वेळा स्वतःला विचारलंय. नाही वाटत. तोंडातून नेहमीचंच आलं.

"मी शिक्क्याची आणली होती साहेब, पुढचं अण्णांना विचारा. त्यांचं लग्न गजाशी लागलंय — सरकारी सवत घरात टिकली नसेल."

बायका हसल्या. साहेबसुद्धा हसला. मालक हसता हसता थांबले. चुलीत घालीन म्हणालेलं त्यांना आठवलं असणार. त्यांनी अण्णांच्या बैठकीची गादी उचलली. खाली जुना गज, धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला. जमा केलाच नव्हता. तीस वर्षांची वस्तू — नुसता ठेवला होता. पण आता काय सांगणार? शिक्क्याची पट्टी यानंच चुलीत घातली आणि ही बिनशिक्क्याची बदलून ठेवली, असंच सगळ्यांना वाटलं.

अण्णा माझ्याकडं बघत होते, वाट बघितल्यासारखे. मी काय करत होतो? घडी घातलेलं ठाणं परत घडी घालत होतो.

खटला झाला, अण्णांना कोर्टाची पायरी चढावी लागली. साहेब आला त्याच दिवशी मालकांनी त्यांना कामावरून काढलं होतं. पण खरी शिक्षा ती नव्हे. पेठेत एकदा 'यानं पट्टी बदलली' म्हटलं की त्या हाताला कोण काम देणार? कुणी दिलं नाही. नवी पट्टी मालक स्वतः जाऊन शिक्का मारून घेऊन आले. आणि ती माझ्या हातात दिली. अण्णांच्या गादीवर मी बसलो. बावीस वर्षं बसलो. कोसरू दिलं नाही कधी — चार बोटं पुढं सरकायला लागलो की हात अडायचा.

लेकीनं पेन थांबवलंय. लिही गं, संपत आलं.

दोन-तीन वर्षांनी बायकोबरोबर बनशंकरीच्या देवळात गेलो होतो. तेव्हा तिकडं सगळी शेतं. देवळाबाहेर फुलवाल्यांच्या रांगेत अण्णा बसले होते, मांडीवर मोगऱ्याची माळ. इथं फुलं मोळानं विकतात — कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक मोळ. हाताला सरकारचा शिक्का लागत नाही. बायकोला काही ठाऊक नव्हतं, ती थांबली, एक मोळ द्या म्हणाली, आणि आत गेली रांग धरायला. मी तिथंच उभा.

अण्णांनी वर बघितलं. रागावलेले नव्हते — तेच सोसवेना. माळ कोपराला लावत हळूच म्हणाले,

"फारम भरायचा होता ना रे? मला न्यायचं होतंस. चार अक्षरं येत होती मला."

म्हणजे पेपर उलटा का असतो ते त्यांना ठाऊक होतं. पहिल्यापासून. आणि त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी साहेबासमोरसुद्धा.

मला एक गंमत सुचली होती तेव्हा. देवाशपथ, सुचली होती. ती गिळली.

त्यांनी मोळ मोजलं. अंगठ्यानं खूण धरली. मग चार बोटं पुढं सरकले, आणि तोडलं.

मी ती माळ घेतली. वरच्या चार बोटांसकट घेतली.