शेळीचा चौथा पाय

आमचे हे रंगारी. पंचवीस वर्षं लोकांची घरं रंगवली, पण स्वतःच्या भिंतीला हात लावायला यांना सवड नाही. माझी बडबड या कानाने ऐकायची, त्या कानाने सोडायची आणि कामावरून येताना डब्यांच्या तळाशी उरलेला रंग तेवढा घरी आणायचा. संध्याकाळी बापलेकीचा उद्योग ठरलेला. बाहेरच्या खोलीतल्या मोठ्या भिंतीवर गोष्ट काढायची.

एक वाक्य लेकीचं, एक यांचं. बोललेलं लगेच रंगवायचं. पहिल्याच दिवशी शेळीच्या तिसऱ्या पायाशी हिरवा रंग संपला. दुसऱ्या रंगाचा पाय लेकीला चालेना. झालं, शेळी निघाली चौथा पाय शोधायला! पाच महिने ती भिंतभर हिंडली. ढगावर चढली, बोटीत बसली, चपलांच्या दुकानात दीड जोड मागून शिव्या खाऊन आली.

"आई, तू पण ये ना," लेक म्हणायची.

"मला नाही बाई चित्रं येत," म्हणून मी त्याच भिंतीला पाठ टेकून भाजी निवडत बसायचे.

येत्या रविवारी शेळीला पाय मिळणार, असं यांनी कबूल केलं होतं. हिरवा रंगही आणून ठेवला होता. नेमका माझी बहीण आदल्याच दिवशी, शनिवारी येणार असल्याचा निरोप आला. तिचं घर म्हणजे आरसा. भिंत पांढरी करा म्हणून मी यांच्यामागे हात धुऊन लागले.

"लेकीला एकदा विचारतो," हे म्हणाले.

"पाच वर्षांच्या पोरीला विचारून घरं रंगवतात का?"

शुक्रवारी ती शाळेत असताना यांनी पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले. एरवी काम करताना शीळ घालणारा माणूस त्या दिवशी गप्प होता. मला कळत होतं, तरी मी थांबवलं नाही. ते अजून मनातून जात नाही.

लेक आली. दप्तर पाठीवरच होतं. तिने भिंतीला बोट लावलं, ते पांढरं झालं.

"बाबा, तिचा पाय राहिला ना."

"आपण नवी शेळी काढू."

"पण ती आत आहे. तीन पायांवर किती वेळ उभी राहील?"

रडली असती तर बरं झालं असतं.

शनिवारी बहीण आली. "अगं, काय लख्ख भिंत आहे!" एवढं ऐकायलाच मी सगळा आटापिटा केला होता, आणि ऐकताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कोपऱ्यात बसलेल्या लेकीने मान वर केली नाही. मी उठले, हिरव्या डब्यात ब्रश बुडवला आणि बहिणीच्या देखत दाराजवळ एक पाय काढला. वाकडातिकडा, पण खुरासकट.

"घे," मी लेकीला म्हणाले, "मिळाला बघ तिला पाय."

ती जवळ आली. पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रागावली नव्हती. मला वाईट वाटू नये अशा बेताने हळूच म्हणाली,

"आई, शेळी खिडकीपाशी होती गं."

यांनी मान खाली घातली. पाच महिने मी त्याच भिंतीला पाठ लावून बसले होते.