जुई आपणहून आडवी झाली

मंडळी, हौशी ब्रीडरना नोंदणीची सक्ती नको, मादीच्या बाळंतपणांवर मर्यादा नको, हे पत्र परवा मीच या ग्रुपवर टाकलं. "आम्ही व्यापारी नाही, आमची कुत्री आम्हाला मुलीसारखी आहे," हे वाक्यही माझंच. तुम्ही त्यावर भरपूर टाळ्या दिल्यात.

आज सकाळी आमच्या बीगलला, जुईला, वारज्याला सोनोग्राफीला नेलं. पत्रही सोबत घेतलं. म्हटलं, डॉक्टरांची सही मिळाली तर वजन येईल.

आमच्या आधी नंबर असलेल्या कुत्रीला दोघांनी धरलं होतं, तरी ती धडपडत होती. जुईला मी टेबलावर ठेवलं तर ती आपणहून कुशीवर आडवी झाली. वर मागचा पायही उचलून धरला, पोटावरचे केस काढायला सोपं जावं म्हणून.

मी कौतुकानं म्हणालो, "बघा डॉक्टर, किती शहाणी आहे!"

पत्रावरून नजर न काढता ते म्हणाले, "शहाणी कसली हो? पाचवी खेप आहे तिची. सवय झालीय."

मग पत्र माझ्या हातात परत दिलं. "यातलं ते 'मुलीसारखी' तेवढं काढा, मग करतो सही."

मी तिच्या पोटावरची जेल पुसत राहिलो. ती माझा हात चाटत होती.

पत्रावरून माझं नाव काढून टाका.

आणि एक खरं सांगा. तुमच्या कुत्रीला टेबलावर अजून धरावं लागतं, की तीही आता आपणहून आडवी होते?