दोन किल्ल्या, खाकी कव्हर आणि निरगुडसर

"फोनवर नको. समोर बसून विचारू," मीरा म्हणाली आणि आमची ट्रिप ठरली. तसं आम्हा दोघींना गाडी बाहेर काढायला निमित्तच लागतं, पण या वेळचं निमित्त खरं होतं. आमचं बंद पडलेलं 'दुपार प्रकाशन' निदान एका पुस्तकापुरतं पुन्हा उघडायचं, ही मीराची नवी टूम. त्या पुस्तकाच्या लेखिका, कुसुमताई, आंबेगाव तालुक्यात निरगुडसरला राहतात. त्यांची परवानगी हवी होती. आणि मीराचा हट्ट असा, की या वेळी कव्हरवर टोपणनाव नको, खरं नाव छापायचं.

जाणाऱ्यांसाठी आधी कामाचं. पुण्याहून नाशिक रस्ता धरणार असाल तर सकाळी सातच्या आत मोशी ओलांडा. आम्ही शालीच्या शोधात उशीर केला आणि चाकणला जे अडकलो, ते घरून आणलेल्या तिळाच्या वड्या संपेपर्यंत. थंडी छान होती, काचा खाली होत्या, पुढे ट्रकच ट्रक. अशा वेळी जुनं आठवणारच.

'दुपार' हे नाव माझं. तेव्हा आमच्या वाचक बायकांना वेळ मिळायचा तो दुपारीच, झाकपाक झाल्यापासून संध्याकाळचं दूध येईपर्यंत. एका भाड्याच्या खोलीत आमचा संसार आणि प्रकाशन दोन्ही होतं. घरमालकांना आम्ही मामेबहिणी म्हणून सांगितलं होतं. बायकांनी लिहिलेली, बायकांबद्दलची, बायकांवर प्रेम करणाऱ्या बायकांची पुस्तकं आम्ही काढायचो. 'लेस्बियन' हा शब्द तर आम्ही दार लावूनसुद्धा हळू आवाजात म्हणायचो. दुकानदार पुस्तक ठेवून घ्यायचे ते मागच्या फळीवर, आणि गिऱ्हाईक बाई पुस्तक विकत घ्यायची पण घरी न्यायला घाबरायची.

त्यावर मीरानं तोड काढली. प्रत्येक प्रतीला शाळेच्या पुस्तकासारखं खाकी कव्हर घालायचं आणि वर लेबल चिकटवायचं. नाव, इयत्ता, विषय. तिन्ही रकाने कोरे. जिला जे लिहायचं ते तिनं लिहावं. आमची पुस्तकं कुणाकडे 'भूगोल' म्हणून राहिली, कुणाकडे 'शिवणकाम' म्हणून. संध्याकाळी आम्ही जमिनीवर बसून कव्हरं घालायचो, बोटांना खळ लागलेली असायची आणि रेडिओ चालू. मला त्या खोलीची फार आठवण येते. तितकी गरिबी आणि तितकी मजा पुन्हा आली नाही.

कुसुमताईंचं पुस्तक, 'एका कुलपाच्या दोन किल्ल्या', आमच्याकडे आलं ते दुसरीकडून परत येऊन. एका मोठ्या प्रकाशकानं त्यांना कळवलं होतं, कथा उत्तम आहेत, फक्त त्यातल्या दोघींपैकी एकीला पुरुष करा. ताईंनी केलं नाही. त्यांनी 'निरगुडी' हे टोपणनाव घेतलं आणि आम्ही पुस्तक जसंच्या तसं छापलं. लहान प्रकाशनाचा उपयोग काय, असं हल्ली पोरीबाळी विचारतात. मी म्हणते, एवढाच. एकीला पुरुष न करणं.

मंचरला मिसळ खाल्ली. तर्री वेगळी मागून घ्या आणि बेतानं ओता, मीरानं ओतली नाही बेतानं. तिथून नाशिक रस्ता सोडून पूर्वेला वळलो. दोन्हीकडे ऊस, मधूनच कांदा साठवायच्या चाळी, रस्ता अरुंद पण चांगला. गावाच्या तोंडाशी एका ट्रॅक्टरवाल्याला घर विचारलं.

"त्या दोगींकडं व्हय? सरळ जावा, पावणं. मेंढरांना तारेची जाळी मारलेली दिसंल, तेच घर. आन सांजच्याला उसाच्या कडंनी फिरू नका. बिबट्या लई हाय."

कुसुमताई ओट्यावर ऊन खात बसल्या होत्या. निवृत्त शिक्षिका, केस पांढरे झालेले, पाठ मात्र फळ्यासमोर उभं राहावं तशी ताठ. मागोमाग हात पुसत लक्ष्मी आली. धनगराघरची, सासरहून टाकलेली, कधीकाळी ताईंच्या प्रौढ साक्षरता वर्गात सही शिकायला आली आणि मग ताईंच्याच घरी राहिली. अजून चार मेंढ्या हौसेनं पाळते. आयुष्य एका घरात गेलं, तरी ताईंना ती अजून 'बाई'च म्हणते, वर्गात म्हणायची तसंच.

जेवायला बाजरीची भाकरी आणि मासवडी होती. मासवडीत मासा नसतो, तीळखोबऱ्याचं सारण असतं, हे शहरी वाचकांसाठी. या भागात येऊन ती न खाता गेलात तर आलात कशाला?

जेवणानंतर लक्ष्मी मेंढ्या घेऊन बांधाकडे गेली आणि मीरानं विषय काढला.

"पुस्तक छापा," कुसुमताई लगेच म्हणाल्या. "नाव नको."

"गावाची भीती वाटते?"

"गावाला काय भ्यायचंय आता? पेन्शनीत निघालेली बाई मी." त्यांनी बांधाकडे पाहिलं. "हिला माहीत नाही त्यात काय आहे ते. मुलांच्या गोष्टी आहेत, असं सांगितलेलं मी. तिला नवऱ्यानं टाकलं ते, ती रात्री रडायची ते, आमचं सगळं मी तिला न विचारता लिहिलं. माझं नाव छापलं की कुणीतरी तिला वाचून दाखवणारच. आणि या वयात ती म्हणाली, बाई, तुमी माझं जगणं बाजारात मांडलं, तर मी कुठं जाऊ?"

प्रकाशकानं लेखिकेला समजावायचं असतं, ते राहिलंच. मीराबद्दल तिला न विचारता मी असं लिहिलं असतं का, याचाच मी विचार करत बसले. मग ताईच म्हणाल्या, "उद्या आम्हाला जुन्नरला न्याल? फार वर्षं झाली."

दुसऱ्या दिवशी चौघी निघालो. नारायणगावावरून जुन्नर गाठलं. टोमॅटोच्या गाड्यांमागे हळूहळू जावं लागतं, पण घाई कुणाला होती? लक्ष्मी खिडकीशी बसून प्रत्येक शेताला मार्क देत होती. "ह्याचा कांदा बरा हाय. ह्यानं पाणी लई सोडलंय."

शिवनेरीवर ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांनी जरूर चढावं, सकाळी लवकर, पाण्याची बाटली घेऊन. आमचे नव्हते. खाली झाडाखाली कट्ट्यावर बसलो. शाळेच्या सहली येत होत्या. मीरानं पेरू आणले, तिखटमीठ लावून. ताईंनी एक फोड लक्ष्मीच्या हातावर ठेवली.

लक्ष्मीनं फोडीकडे पाहिलं आणि हसली. "बाई, इथंच ना?"

"काय इथंच?"

"त्या दोगी बसल्या व्हत्या, सहलीला आल्यावं. तुमच्या पुस्तकात. पन तुमी त्यात पेरू लिवलाय. पेरू कुटं व्हता त्या दिशी? बोरं व्हती. माज्या पदरात."

कुसुमताईंच्या हातातला पेरू तसाच राहिला. मीरानं माझं मनगट धरलं. सहलीतली मुलं जयजयकार करत वर निघाली, ती गेल्यावर ताईंनी विचारलं. "तू... तुला कुणी सांगितलं?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. ताईंनी आपली प्रत घरातच फळीवर, शाळेच्या पुस्तकांत ठेवली होती. खाकी कव्हर होतंच, लेबलावर त्यांनी 'परिसर अभ्यास' लिहिलं होतं. आमच्या मीराची युक्ती इतकी पक्की, की शेजारची सून जून महिन्यात लेकीसाठी जुनी पुस्तकं मागायला आली तेव्हा लक्ष्मीनं गठ्ठ्याबरोबर तेही देऊन टाकलं. पोरगी शाळेत घेऊन जायच्या आधी सुनेनं ते उघडलं, एवढं नशीब.

"मंग कांदं निवडाया बसलो का ती वाचायची, आमी ऐकायचो," लक्ष्मी म्हणाली. "दर साली. चाळीत धा-बारा बाया असायच्या. जून आला का पोरांच्या पुस्तकांसंगं त्यालाबी नवं कव्हर घालायचो. मळायचं ना लई."

"म्हणजे गावाला..." ताई म्हणाल्या.

"बायांना म्हाईत हाय. बाप्यांचं काय, त्यांनी कांदं कुटं निवडलं?"

मीराला हसू आवरेना. ताईंना मात्र रडू आलं होतं. "ते हरवलं असं समजून मी गप्प बसले. आणि तू मला बोलली नाहीस? इतकी वर्षं?"

"तुमी सांगताल म्हनून थांबले. मला कुटं जायाचं व्हतं?"

"राग नाही आला?"

"आला की. पेरूचा."

मी तोंड फिरवून गडाकडे पाहत राहिले, कारण मलाही रडू येत होतं आणि मीरा मला त्यावरून आठवडाभर चिडवते. आमच्या त्या खोलीत कधीकाळी कव्हर घातलेलं एक पुस्तक इथे दरसाल नवं कव्हर घालून जगत होतं, आणि आम्ही पुण्यात बसून समजत होतो की 'दुपार' संपलं.

ताईंनी डोळे पुसले. "मीरा, नावाचं आता मला विचारू नका. हिला विचारा. जगणं तिचंही आहे त्यात."

"इचार करून सांगते," लक्ष्मी म्हणाली आणि पेरू खाऊ लागली.

परतीच्या वाटेवर आळेफाट्यापर्यंत उगाच लांबून गेलो, मसाला दूध प्यायला. त्या दोघींना गाडीत बसायला आवडत होतं, एवढंच कारण. मीरानं सांगितलं, नव्या आवृत्तीला खाकी कव्हर नसणार, आता काळ बदललाय. लक्ष्मी म्हणाली, "असू द्या की कव्हर. जिला काढायचंय ती काढंल." मीरा यावर वाद घालेल असं वाटलं होतं, पण तिनं मान डोलावली.

निरगुडसरला त्यांना सोडलं. चहा होईपर्यंत लक्ष्मी शेजारी जाऊन आली, मग आत काहीतरी करत बसली. निघताना तिनं एक पिशवी डिकीत ठेवली. "कांदं हायती, बाजरी हाय. आन पुस्तक. ती गावची प्रत हाय, छापून झालं का परत धाडा." आमच्याकडची शेवटची प्रत वाळवीनं खाल्ली होती, हे मीरानं जेवताना सांगितलेलं तिनं लक्षात ठेवलं होतं. नावाबद्दल मात्र ती काही बोलली नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

खर्चाचं विचाराल तर पेट्रोल आणि टोलच काय तो, बाकी पाहुणचार. मुक्काम करायचा तर जुन्नरला लॉज मिळतात. थंडीत जा.

घरी आलो. कुलूप उघडलं, दोघींच्या पर्समध्ये दोन किल्ल्या, माझी सापडली नाही म्हणून मीराची. आता घर आमचं आहे, मामेबहिणी केव्हाच संपल्या, तरी नव्या शेजाऱ्यांना मी अजून 'मैत्रीण' म्हणूनच ओळख करून देते. गाडीत हेच मनात घोळत होतं.

मीरानं पिशवीतले कांदे परातीत ओतले. तळाशी पुस्तक होतं. कव्हर कोरं करकरीत, कोपरे नीट मुडपलेले, आम्ही घालायचो तसेच. लेबल नवं, आणि त्यावरची अक्षरं साक्षरता वर्गातली, मोठाली, ओळ सोडून वर चढलेली.

नाव: लक्ष्मी. इयत्ता कोरी. विषय: कुसुम.

मीरानं ते मोठ्यानं वाचलं. मग मी वाचलं. मग आम्ही दोघी परातीशेजारी खालीच बसलो.

निदान पोचल्याचं कळवावं म्हणून मी फोन लावला. लक्ष्मीनं उचलला.

"वाचलं का?"

"वाचलं."

"मंग तसंच छापा. दोगींची नावं," ती म्हणाली, आणि फोन बाजूला धरून आत हाक मारली, "बाई, पुण्याचा फोन हाय."