ठाण्यात हजर झालेला कारभारी

ती सकाळ आजही जशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी राहते, कारण अख्ख्या नोकरीत आरोपी म्हणून कुत्रा ठाण्यात हजर झालेला मी तेवढा एकदाच पाहिला.

निवृत्ती जवळ आली होती. वेल्हे तालुक्यातल्या एका लहान ठाण्याचा मी प्रभारी होतो. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, मला कुत्र्याची भीती वाटते. दरोडेखोरांच्या मागे उसाच्या फडात शिरलोय, कोयता घेऊन उभ्या असलेल्या माणसाशी बोलत बोलत त्याच्या हातातला कोयता काढून घेतलाय. पण कुत्रं गुरगुरलं की पाय जागचे हलत नाहीत. ठाण्यात सगळ्यांना हे ठाऊक होतं आणि मी पाठ फिरवली की हसायचे लेकाचे.

सकाळची हजेरी चालू होती. तेवढ्यात आवारात गलका झाला. विंझरकडच्या एका गावातली वीसेक माणसं आत घुसली होती आणि पुढे होते तिथले किराणा दुकानदार. एरवी अतिशय सौम्य माणूस. त्या दिवशी डोळे लाल, आवाज फाटलेला.

"सायेब, आमच्या साखरेला मारलं! अंगणात, घरच्या अंगणात!"

साखर म्हणजे त्यांच्या पत्नीची पांढरी पामेरियन कुत्री. मूलबाळ नसलेल्या घरात ती लेकीसारखी वाढलेली. त्या सकाळी बाई अंगण सारवून बादली ठेवायला आत गेल्या, तोच किंकाळी ऐकू आली. बाहेर धावल्या तर काळं, थोराड जनावर छातीइतकी भिंत ओलांडून पसार होताना त्यांना पाठमोरं दिसलं. साखर जागीच गेली होती. त्याआधी याच गावात एका घरचं मांजर आणि एका घरचं लाडकं करडू असंच मारलं गेलं होतं. तेव्हा लोकांनी बिबट्यावर बिल फाडलं होतं. आता मात्र कुत्रंच होतं हे बाईंनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

"कुणाचं कुत्रं?" मी विचारलं.

"वरच्या वाडीतल्या म्हातारीचं! शेरडांमागं फिरतंय ते काळं. त्याच्या गळ्यात खिळं हायती, खिळं! तुमी बंदोबस्त करा, न्हाईतर आज सांजच्याला भाकरीत औषध घालून आमीच करतो."

"असं काही केलंत तर पहिला गुन्हा तुमच्यावर दाखल करीन," मी बजावलं. पण गर्दीतल्या माना बघून मला कळून चुकलं की भाकरी बहुतेक थापूनसुद्धा झाली असेल. आमच्या धंद्यात एक कळतं. माणूस ओरडतो तोवर ठीक असतं, तो खाली मान घालून गप्प राहिला की सांभाळावं. त्या गर्दीतले चार-पाच जण एकदम गप्प होते.

आणि त्याच वेळी फाटकातून ती म्हातारी आली. डोक्यावर घोंगडं, हातात दोर आणि दोराला तो काळा कुत्रा! बिबट्यानं नरडं धरू नये म्हणून आपल्याकडे राखणीच्या कुत्र्याला खिळ्यांचा पट्टा घालतात, तसा पट्टा त्याच्या गळ्यात होता. त्या पट्ट्याला साखळीनं हातभर लांब लाकडाचा ओंडका लटकवलेला. लोढणं. ओढाळ जनावराला पळता येऊ नये म्हणून घालतात ते. चालताना ओंडका जमिनीला घासत त्याच्या पुढच्या पायांवर खटखट आपटत होता.

गर्दी बाजूला सरली. खरं सांगतो, सगळ्यात आधी मी सरलो. म्हातारी थेट पायरीवर बसली.

"सायेब, ह्याला आत ठिवा. हितं तरी कुनी मारायचं न्हाई."

"आजी, अहो कुत्र्याला अटक करता येत नाही."

"मंग मलाबी करा. ह्यो कारभारी हाय माझा. ह्यो गेला तर बिबट्या माझी शेरडं ठिवील व्हय? मालक गेल्यापासनं ह्याच्यावर तर घर चाललंय."

कारभारी हे कुत्र्याचं नाव. कळपाचा सगळा कारभार तोच बघतो म्हणून. आमचे ठाणे अंमलदार स्टेशन डायरी उघडून, पेन रोखून माझ्याकडे बघत होते. "साहेब, नोंद काय घेऊ? सदर इसम म्हणू का?" हसू दाबताना माझी पुरेवाट झाली. पण म्हातारीकडे बघून हसूही येईना. तिचा हात त्या खिळ्यांच्या पट्ट्यात असा अडकवलेला होता की तो तोडूनच काढावा लागला असता.

"बांधा मागे," मी म्हणालो.

भोरचे एक हवालदार होते, माझ्याच वयाचे. त्यांना सगळं ठाणं चाचा म्हणायचं. जनावरांचं त्यांना भारी वेड. त्यांनी कारभारीला जप्त केलेल्या मोटारसायकलींशेजारी सावलीत बांधलं, त्याचे पाय चाचपले आणि मला हाक मारली. मी लांबूनच काय ते विचारलं. "साहेब, गुडघ्यांवरचे केस बघा, पार घासून गेलेत. हे लोढणं आज सकाळी तमाशापुरतं घातलेलं नाही. कायमचं आहे."

माझ्या डोक्यात तिथेच काहीतरी हललं. जीप काढली आणि आम्ही घटनास्थळ गाठलं.

दुकानदारांच्या पत्नी उंबऱ्यात बसून होत्या. साखर अजून अंगणातच, वरून जुनी साडी पांघरलेली. "तिच्याजवळ कुनालाबी जाऊ दिलं न्हाई म्या," त्या म्हणाल्या. त्या माउलीच्या दुःखानं केसचा पुरावा राखला होता! कारण अंगण ताजं सारवलेलं होतं आणि ओल्या शेणात प्रत्येक पंजा छापासारखा उमटला होता. भिंतीपाशी दोन खोल, साखरेपर्यंत सलग, मग परत भिंतीकडे. पंजा माझ्या तळहाताएवढा. पण दोन पंजांच्या मध्ये ओंडका घासत गेल्याची रेघ कुठे होती? अंगणभर फिरलो, वाकून, गुडघ्यावर बसून पाहिलं. रेघ नव्हती! आणि गळ्यात लोढणं असलेलं कुत्रं छातीइतकी भिंत चढणार तरी कसं?

"म्हातारीनं काढलं आसंल की लोढणं," दुकानदार म्हणाले.

"मग पंजा तरी जुळेल," मी म्हणालो. चाचांनी ठाण्यातून येताना कारभारीच्या पंजाचं माप दोरीवर घेतलं होतं. पंचांसमोर दोरी ठशावर धरली. ठसा चांगला बोटभर मोठा निघाला. दुकानदारांनी दोरी हातात घेऊन स्वतः पुन्हा धरून पाहिली.

म्हणजे दुसरंच कुत्रं होतं, तेही काळं आणि कारभारीहून मोठं. कुणाचं? गावात विचारलं तर सगळ्यांच्या माना नकारार्थी. आणि मग माझा मोबाईल वाजला. पलीकडे रोज सकाळी त्या रस्त्यानं दूध गोळा करत नसरापूरकडे जाणारा टेम्पोवाला होता.

"सायेब, माझं नाव कुठं येऊ देऊ नका. तुमी चुकीचं कुत्रं धरलंय. ओढ्याच्या वर त्यो पुन्याच्या मानसाचा बंगला हाय ना, तिथलं काळं धूड सकाळी मोकळं आसतंय. वासराएवढं हाय! म्या तर काचा वर करूनच जातो."

आम्ही जीप तशीच वर घेतली. बंगल्याच्या फाटकावर पाटी, 'कुत्र्यापासून सावध राहा'. मी फाटकाच्या चार पावलं मागेच उभा राहिलो. राखणदार जोडपं बाहेर आलं, तिशीतलं, पुरंदरकडून कामाला आलेलं.

"कुत्रं कुठाय?" मी विचारलं.

"हितं कुत्रं न्हाई, सायेब," नवरा म्हणाला.

"मग ही पाटी?"

"ती चोरांसाठी."

"आणि तो घमेल्यातला एवढा भात? तोही चोरांसाठी?"

ओसरीच्या खांबाला जाड कडी होती, आतल्या बाजूनं घासून लख्ख झालेली. माणूस खोटं बोलायला लागला की तो तुमच्याकडे बघत नाही, आणि जिथे बघत नाही तिथेही एक गोष्ट असते. हा गडी सगळीकडे बघत होता, फक्त विहिरीजवळच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीकडे बघत नव्हता. पण मालकानं सकाळीच फोनवरून दम भरला असणार. धाक दाखवून त्याच्याकडून काही निघेना.

मी बायकोकडे वळलो. आवाज चढवला नाही. म्हटलं, "ताई, तुम्ही काही सांगू नका. फक्त एवढं ऐका. वरच्या वाडीतल्या आजींचा कुत्रा ठाण्यात बांधलाय. संध्याकाळी सोडला की गाव त्याला विष घालणार आहे."

"कंच्या आजी?" ती एकदम म्हणाली. "कारभारीवाल्या?"

"त्याच."

तिनं पदर तोंडाला लावला आणि रडूच फुटलं तिला. "अहो, माझ्या बाळंतपनात त्या आजी शेळीचं दूध घिऊन यायच्या रोज! सायेब, माझीच चूक हाय. मालकानं बांधूनच ठिवायला सांगितलंय. म्हयन्यातनं एकदा येत्यात, फोटू काढत्यात, जात्यात. मुकं जनावर दिसभर खांबाला. मला बघवंना. आमच्या गावची कुत्री सकाळी मोकळी आसत्यात, फिरून घरला येत्यात. म्हनून म्या सोडायची. त्ये कुनाला मारील आसं वाटलंच न्हाई वो!"

गावच्या कुत्र्याला पिल्लापासून शेरडं, मांजरं, कोंबड्या ठाऊक असतात. या रॉटवायलर जातीच्या कुत्र्यानं जन्मात खांब आणि कडी याशिवाय काही पाहिलं नव्हतं. असल्या ताकदीच्या जनावराला लहानपणापासून माणसांत, जनावरांत फिरवावं लागतं, शिकवावं लागतं. ते न करता या माउलीनं दया म्हणून रोज त्याला उघड्या गावावर सोडलं होतं.

आणि तेवढ्यात विहिरीकडून धाडकन आवाज आला! बायको बोलतेय हे बघून नवरा कुत्र्याला रानात लपवायला मागच्या मागे गेला होता. त्यानं दार किलकिलं केलं आणि ते धूड त्याला आडवं पाडून सुटलं. समोरच्या उतारावर म्हातारीची सून शेरडं चारत होती. कळपाला राखण नव्हती, कारण राखण करणारा माझ्या ठाण्यात बांधलेला होता!

"चाचा, गाडी!" मी ओरडलो. जीप बांधावरून अशी उडाली की टोपी कुठे गेली कळलं नाही. आम्ही कुत्र्याच्या आधी कळपाशी पोचलो. शेरडं ओरडत गोळा झाली होती, सून दगड हातात घेऊन उभी. मी काठी घेऊन खाली उतरलो आणि समोर बघितलं. आई शप्पथ! काळं, रुंद छातीचं जनावर सरळ आमच्याकडे येत होतं. पळावंसं वाटत होतं, पण पाय हलतच नव्हते. लोक म्हणतात साहेब शेरडांपुढे वाघासारखे उभे राहिले. घ्या! मला पळताच आलं नाही, हे खरं कारण.

मागून अनवाणी धावत ती राखणदारीण आली. हातात जर्मनचं पातेलं, त्यावर पळी बडवत. "बाळ्या! ए बाळ्या! चल घरला!"

कुत्रं थांबलं. कान हलले. शेरडांकडे एकदा बघितलं, माझ्याकडे एकदा, आणि वळून शेपूट हलवत तिच्याकडे गेलं. तिनं पदराचं टोक त्याच्या पट्ट्यात ओवलं. तेव्हा कुठे माझे पाय हलले आणि मी उडालेली टोपी शोधायला निघालो.

दुपारनंतर मालक पुण्याहून आले. मोठी गाडी, गोड बोलणं. "साहेब, आमचा ब्रूनो फार प्रेमळ आहे. तो असं करणं शक्यच नाही."

"हाक मारा बरं त्याला," मी म्हणालो.

त्यांनी "ब्रूनो, ब्रूनो" करून घसा कोरडा केला. कुत्र्यानं मान वळवली नाही. राखणदारिणीनं हळूच "बाळ्या" म्हटलं तर उठून उभं राहिलं. मी विचारलं, तो काय खातो? माहीत नाही. शेवटचा फिरायला कधी नेला? आठवत नाही. कुणी शिकवलं? "त्यात काय शिकवायचं?" माझा पारा चढला. म्हटलं, "शेतकरी औताला बैल जुंपतो तर त्याच्या तोंडाला मुसकं बांधतो, दुसऱ्याच्या पिकाला तोंड लागू नये म्हणून. त्या म्हातारीनं आपल्या कुत्र्याच्या गळ्यात लोढणं घातलंय. आणि तुम्ही एवढं ताकदवान जनावर फोटोसाठी आणून दुसऱ्याच्या भरवशावर टाकलंत?" पाळीव प्राण्याबाबत हलगर्जीपणाचा गुन्हा त्यांच्यावरच दाखल केला. राखणदार जोडप्याचे जबाब घेतले. उंच जाळीचं कुंपण, तोंडाला मुसकं आणि शिकवणारा माणूस, हे सगळं त्यांनी लिहून दिलं. पुढे ते सगळं झालंही, मी स्वतः जाऊन बघून आलो. अर्थात कुंपणाच्या बाहेरून.

संध्याकाळी कारभारीला सोडायची वेळ आली. म्हातारी दोर सोडत होती तोच दुकानदार आणि त्यांची पत्नी फाटकातून आत आले. बाईंच्या हातात फडक्यात भाकरी. म्हातारीनं झटकन दोन्ही हातांनी कुत्र्याचं तोंड दाबून धरलं.

बाई तिच्यासमोर खाली बसल्या. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, तोंडात घातला, चावून गिळला. मग दुसरा मोडला आणि तळहातावर धरला. "घ्या आजी. त्याला तुमीच द्या."

म्हातारीनं हात सैल केले. कारभारीनं तुकडा उचलला आणि बाईंचा तळहात चाटला. त्याबरोबर सकाळपासून अडवून धरलेलं रडू त्यांना अनावर झालं आणि त्या त्याच्या मानेत तोंड खुपसून रडू लागल्या, खिळ्यांचा पट्टा गालाला लागत होता तरी. दुकानदार तोंड फिरवून उभे होते. माझेही डोळे भरून आले, लपवत नाही.

मी म्हटलं, "आजी, आता तरी ते लोढणं काढा. निर्दोष सुटलाय तो."

"न्हाई सायेब," म्हातारी उठत म्हणाली. "पोर शानं हाय, पन रान लोकांचं हाय. कुत्रं माझं, तर वझं बी माझंच."

इतकी वर्षं मी लोकांना जबाबदारीची कलमं वाचून दाखवली, पण जबाबदारी म्हणजे काय ते मला त्या दोन वाक्यांत कळलं. फाटकाबाहेर गेल्यावरही लोढण्याची खटखट बराच वेळ ऐकू येत होती. तो जाण्याआधी मी पहिल्यांदाच एका कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवला होता. चाचांनी त्याची नोंद डायरीत घ्यायला सांगितली, ती मात्र मी घेऊ दिली नाही.