वाटणी न होणारा कॉम्प्युटर

कॉम्प्युटर कोणता घ्यायचा यावरून आमच्या घरात जेवढी भांडणं झाली, तेवढी माझ्या लग्नात मानपानावरूनही झाली नव्हती.

सासर धरणगावचं. रस्त्याला लागून छापखाना आणि त्याच्या मागे घर. छापखाना सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, काढलेला. चालवत होते दोघं भाऊ. थोरला माझा नवरा, धाकटा माझा दीर. लग्नपत्रिका, बिलबुकं, निवडणूक आली की पत्रकं. नव्वद साल मागे पडून बरीच वर्षं झाली होती आणि शिशाचे खिळे जुळवून छापलेली पत्रिका बघून लोक नाक मुरडायला लागले होते. "जळगावला कॉम्प्युटरवर करतात, काय सुरेख येते!" असं आमच्याच ओट्यावर बसून, आमचाच चहा पिऊन सांगायचे. मेल्यांनो, मग जा ना जळगावला! जातही होते, तेच तर दुखणं होतं.

मी धुळ्याची. लग्नाआधी मराठी टायपिंगच्या परीक्षा पास झालेली, तीही चांगल्या मार्कांनी. सासरी आले आणि ते सर्टिफिकेट ट्रंकेत गेलं. छापखान्यात बायकांनी पाऊल टाकायचं नाही, असं मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच नव्हती. चहाचा ट्रे मधल्या दाराशी ठेवायचा, कडी वाजवायची आणि मागे फिरायचं. पीठ मळून झालं की माझी बोटं परातीच्या काठावर उगाच अक्षरं बडवत बसायची. मला काम पाहिजे होतं. घरात खायला कमी होतं म्हणून नाही, मला ते येत होतं म्हणून.

दिराला असेंबल्ड कॉम्प्युटर पाहिजे होता. धुळ्याला त्याचा एक मित्र सुटे भाग आणून कॉम्प्युटर जोडून द्यायचा. मॉनिटर एका कंपनीचा, डबा दुसऱ्या कंपनीचा, आतलं सामान मुंबईचं. "अंगाला माप देऊन शिवून घ्यायचा," दीर म्हणायचा. "उद्या मेमरी वाढवा, परवा मोठा मॉनिटर लावा. काही बिघडलं तर तेवढंच बदला." नवऱ्याचं म्हणणं, घ्यायचा तर कंपनीचाच. जळगावच्या एका दुकानात तेव्हा नवाच आला होता, मॉनिटर आणि बाकीचं सगळं पोट एकाच डब्यात. टेबलावर ठेवला, पिन लावली की सुरू. दोघंही जेवताना यावर तावातावाने बोलायचे. कळत दोघांनाही काही नव्हतं, उंटावरचे शहाणे!

शेवटी आबा म्हणाले, आपण जाऊन बघू. एसटीने आम्ही चौघं जळगावला गेलो. मला नेलं ते एवढ्याचसाठी, की हिला टायपिंग येतं, बटणं दाबून बघेल. दुकानदाराने दोन्ही प्रकार मांडून ठेवले होते. मी बटणं दाबून बघितली. मला खरं तर असेंबल्डच आवडला. त्याचा मॉनिटर मोठा होता, अख्खी पत्रिका एका नजरेत दिसत होती. एका डब्याच्या त्या कॉम्प्युटरवर गणपती दिसला की वधूवरांची नावं खाली बुडायची. पण मला कुणी विचारलं नाही, आणि मीही मूग गिळून उभी राहिले.

दुकानदार प्रामाणिक होता. त्याने आबांना सांगितलं, "असेंबल्डमधला कुठलाही भाग केव्हाही काढता येतो. मॉनिटर वेगळा, सीपीयू वेगळा. वाटलं तर दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा."

आबा एका डब्याच्या कॉम्प्युटरकडे बोट करून म्हणाले, "आणि यामाईन काही काढता येस का?"

"नाही आबा, तो एकसंध आहे. त्यातलं काही बिघडलं तर अख्खा डबा मुंबईला पाठवावा लागतो." हा तोटा म्हणून सांगितला होता हो त्याने!

"मंग हाऊच द्या," आबा म्हणाले.

दीर ओरडायचाच बाकी राहिला. दुकानदार डबा बांधायला लागला तेव्हा त्याने कीबोर्ड वेगळ्या खोक्यात टाकला. ते बघून आबांचा चेहरा उतरला. "हे वेगळं कसं?" दुकानदाराने पुष्कळ समजावलं की कीबोर्डाशिवाय हा मुका आणि याच्याशिवाय कीबोर्ड म्हणजे नुसती फळी, तेव्हा कुठे आबा तयार झाले. प्रिंटरही वेगळाच घ्यावा लागला, पण तोवर दुपार झाली होती आणि आबा दमले होते.

कारण कळलं ते येताना एसटीत. आबा माझ्या शेजारी बसले होते आणि खिडकीबाहेर बघत बोलत होते. त्यांची आणि त्यांच्या भावाची वाटणी झाली तेव्हा घरात बैलगाडी एकच होती. कुणी मागे हटेना. शेवटी चाकं आबांना आली आणि वरचा साटा भावाला. दोघांनीही हट्टाने आपापला वाटा जपला. चाकं आमच्या भिंतीला टेकून सडली, साटा त्यांच्या अंगणात सडला. "माणसाला वस्तू सुटी करता आली ना पोरी, की तो करतोच," आबा म्हणाले. त्यांना आपल्या पोरांची लक्षणं दिसत होती. डबा एक असला तर निदान त्याच्यासाठी तरी दोघं एकत्र राहतील, असा त्यांचा हिशेब.

आता गंमत बघा. धरणगावात कापसाचा हंगाम म्हटला की हवेत रुई. छापखान्यात शाई, कागदाचा कचरा आणि वरून ही रुई. दुकानदाराने बजावलं होतं की धूळ लागू देऊ नका. मोठं दोन डब्यांचं धूड असतं तर छापखान्यातच काचेचं केबिन करणार होते. हा एवढासा डबा. माझ्या शिलाई मशीनच्या टेबलावर मधल्या खोलीत मावला. आणि मधली खोली म्हणजे घर. घरात मी होते.

दीर जळगावला क्लासला जाऊन आला. तिथून तो कॉम्प्युटरवर पत्ते खेळायला शिकून आला, तेही एकट्याने. नवऱ्याने दोन दिवस एका बोटाने टाइप करून बघितलं आणि त्याची पाठ आखडली. मग एक दिवस पत्रिकेचं गिऱ्हाईक अडून बसलं तेव्हा मी म्हटलं, सरका. सरकले!

पुढची वर्षं त्या डब्यासमोर मीच बसले. गणपतीपासून 'आमच्या मामाच्या लग्नाला नक्की यायचं हं' पर्यंत सगळ्या पत्रिका माझ्या हातच्या. कुठला काका आधी, कुठला नंतर, यावरून कुणाच्या घरात भांडण होणार हे मला नावं बघूनच कळायला लागलं. यावल, एरंडोलहून कामं यायला लागली. उन्हाळ्यात वाळ्याच्या कूलरचं तोंड नवऱ्याने कॉम्प्युटरकडे फिरवून ठेवलं. ओली हवा थेट डब्याच्या पोटात, आणि मी घामोळ्यांनी बेजार. नवरा गेला की मी कूलर माझ्याकडे वळवायची. दोघांचंही भलं झालं. त्या खोलीत मी सुखी होते, अगदी स्पष्ट सांगते.

घरात मात्र दोघा भावांचं फाटत गेलं. कारण सांगण्यासारखं काही नाही. घरोघरी मातीच्या चुली, आमच्या घरी दोन झाल्या एवढंच. मामा, म्हणजे आबांचे मेहुणे, वाटणीला आले. आमच्याकडची रीत अशी की वाटे थोरल्याने पाडायचे आणि आधी धाकट्याने उचलायचं. म्हणजे थोरला लबाडी करत नाही. नवऱ्याने वाटे पाडले. एका वाट्यात छपाईचं मोठं मशीन आणि कागद कापायचं यंत्र. दुसऱ्यात कॉम्प्युटर आणि प्रिंटर. असेंबल्ड असता तर त्याने मॉनिटर इकडे आणि सीपीयू तिकडे टाकायला कमी केलं नसतं. एकसंध होता म्हणून अख्खा एका बाजूला गेला.

त्याला स्वतःला मशीन पाहिजे होतं. धाकट्याला नव्या वस्तूचा सोस, तो कॉम्प्युटरवरच झडप घालणार, हे त्याने ओळखलं होतं. मला त्याने विचारलं नाही. मी वरण-बट्टीचा स्वयंपाक करत होते. ओसरीवर मामा वाटे वाचून दाखवत होते, तेव्हा मला कळलं की माझं काम दुसऱ्या वाट्यात निघालंय.

"माझा कॉम्प्युटर," दीर म्हणाला. अगदी नवऱ्याला पाहिजे तसंच.

मामा हसून म्हणाले, "अरे, पण चालवेल कोण? तू पत्ते खेळणार का?"

"वहिनी आहेत ना! त्या देतील करून, त्यात काय!"

माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो खाली ठेवला आणि दारातूनच बोलले. "भाऊजी, चूल वेगळी झाली की मीही वेगळी झाले. डबा खुशाल उचला, पण तुमच्या वाट्यात मी नाही."

वाटणीत बाई बोलली, हे तिथे बसलेल्या एकानेही आधी ऐकलेलं नव्हतं. नवरा माझ्याकडे असा बघत होता की मी त्याच्या ताटात माती कालवली. कालवलीच होती. मग दीर हळूच म्हणाला, "मामा, मी मशीन घेतो."

वाटणी झाली. मशीन दुसऱ्या गल्लीत गेलं, त्याच्याबरोबर दीर, जाऊ आणि तिची लेकरं. नवरा माझ्याशी कितीतरी दिवस धड बोलला नाही. मला त्याचं काही वाटलं नाही. मी वाईट केलं असं तेव्हा वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

वाटणी झाली त्या दिवशी पंगत उठली, भांडी निघाली आणि मी जाऊन कॉम्प्युटरसमोर बसले. एका मुलीची पत्रिका अर्धी राहिली होती, तिचे वडील संध्याकाळी न्यायला येणार होते. जरा वेळाने आबा आले आणि दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. सबंध वाटणीत ते एक अक्षर बोलले नव्हते.

"आते खूश शे का, पोरी?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता, खरंच विचारत होते.

खोटं बोलायला पाहिजे होतं बहुतेक. पण ते मला जमेना.

"शे, आबा," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. "चाल, सारा घरमा एक जन तरी खूश शे," म्हणाले, आणि रिकाम्या छापखान्याला कुलूप लावायला गेले.